पुंडलिकरावांची आठची गाठ

दोर कसा धरायचा हे पुंडलिकरावांना कुणी शिकवायला जावं, म्हणजे जरा जास्तच झालं. तुमसरकडच्या बपेऱ्याच्या अलीकडच्या एका गावात अंबाडीचा दोर अजून हाताने वळणारा एवढा एकच माणूस उरला आहे. बाजारात नायलॉनचा दोर ढिगाने मिळतो, रंगीत मिळतो, स्वस्त मिळतो. पण ज्याच्याकडे चांगली बैलजोडी आहे तो दिवाळीच्या आधी पुंडलिकरावांच्या ओसरीवर येऊन बसतोच. नायलॉन जनावराची मान कापतो, अंबाडी कापत नाही, हे त्यांचं व्याख्यान त्याला ऐकून घ्यावं लागतं आणि मग दोर मिळतो. वय चौपन्न, चार एकर धान, दोन बैल, दोन गाई, एक मुलगी. मत मात्र गावातल्या प्रत्येक गोष्टीवर.

आणि गाठ एकच. पुंडलिकराव फक्त सुरगाठ मारत. जनावराने कितीही ओढलं तरी ती सुटत नाही, पण माणसाने मोकळं टोक धरून एक झटका दिला की लगेच उघडते. गोठ्यात ते ठीकच आहे. पण यांनी तांदळाच्या पोत्याचं तोंड बांधलं तरी सुरगाठ, सायकलच्या कॅरिअरवर कुकर बांधला तरी सुरगाठ. शेजारच्या टेकचंदच्या पुतणीच्या लग्नात मांडवाचा एक कोपरा यांच्या हातचा होता. ऐन पंगतीत एका शेळीने लोंबणारं टोक चघळायला घेतलं आणि ओढलं, आणि कोपरा व्याह्यांच्या डोक्यावर आला. टेकचंद गेली आठ वर्षं ही गोष्ट पानठेल्यावर सांगतो आहे आणि दर वर्षी खाली सापडलेल्या व्याह्यांची संख्या वाढते आहे. पुंडलिकराव ऐकतात, हसतात, पण गाठ बदलत नाहीत. का बदलत नाहीत हे ज्यांना माहीत होतं, ते कधी बोलले नाहीत.

गावामागच्या टेकडीला एक उभा काळा खडक आहे. दुरून बसलेल्या म्हशीसारखा दिसतो म्हणून त्याला म्हैसगोटा म्हणतात. पायथ्याला शेंदराचा दगड, त्यावर एखादा नारळ, बाकी गुराख्यांशिवाय तिकडे कुणाचं काम नसे. दोन वर्षांपूर्वी तुमसरच्या एका कॉलेजात खेळ शिकवणारे कुलदीप सर एक रविवार सोडून एक रविवार दहा-बारा पोरं घेऊन तिथे येऊ लागले. त्या पोरांत पुंडलिकरावांची गुड्डी होती. वय सतरा, बारावीला. घरी तिने सांगितलं होतं, ‘खेळाले जाऊन राहिली.’ ते खोटंही नव्हतं. कोणता खेळ, हे कुणी विचारलं नव्हतं.

नोव्हेंबरात धान कापून झालं होतं. एका रविवारी वासरू कुठे गेलं म्हणून पुंडलिकराव टेकडीकडे गेले आणि वर पाहिलं तर घराच्या तिप्पट उंचीवर, काळ्या खडकाला चिकटलेली, पिवळा टोप घातलेली आपलीच मुलगी. त्यांनी हाक मारली नाही. जनावर अवघड जागी उभं असताना ओरडू नये, एवढं ते जाणून होते. ती खाली येईपर्यंत श्वास धरून उभे राहिले, मग तिचं मनगट पकडलं आणि घरी आणलं. वासरू आपलं आपण परत आलं. पुढचे तीन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

चौथ्या दिवशी कुलदीप सर मोटारसायकलवरून आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, आणि सरळ विषयाला हात घातला.

“काका, तुमच्या पोरीचे पाय लगीत चांगले आहेत. फेब्रुवारीत निवड शिबिर आहे. तिथून पुढं शिष्यवृत्ती आहे, शिक्षण आहे. पन तिले रोज सराव पायजे. मी पंधरा दिवसातून एकदा येतो. मधात तिचा दोर धराले गावातला एक मोठा मानूस पायजे. तो भेटला तं मी एक दोर आन सामान इथंच ठेवून जातो. नाई भेटला, तं मी तिचा अर्ज भरनार नाई. अर्धवट तयारीनं तिथं पाठवनं बरं नाई.”

“आन पडली तं?”

“पडनारच. पडल्याशिवाय कोनी शिकत नाई. दोर धरनारा तिले धरते.”

आतून बेबीबाईंनी, म्हणजे गुड्डीच्या आईने, चहा पाठवला आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. त्यांचं नाव पुढे यायचा प्रश्न नव्हता. गावातली पोरं दोर धरायला आनंदाने आली असती, पण पोरीच्या बापाला ते कसं चालावं? पुंडलिकरावांनी चहाचा कप तसाच ठेवला.

“दोर मी धरीन,” ते म्हणाले. “दोर काय असते ते मले नोका सांगू, मास्तर.”

“धरा ना. पन माह्या इथं एक नियम आहे. जो सोता दोरावर लटकला नाई, त्याच्या हाती मी दोर देत नाई. आधी तुमाले चढाव लागन.”

गुड्डी आत खुदकन हसली. बेबीबाईही हसल्या असाव्यात, कारण दारातला पदर तोंडाशी गेला. पुंडलिकरावांना ते हसू ऐकू आलं आणि तीन दिवसांचा राग कुठे गेला ते त्यांनाच कळलं नाही.

अशा रीतीने चौपन्नाव्या वर्षी पुंडलिकराव खडक चढायला लागले.

पहिल्या दिवशी कुलदीप सरांनी कमरेला आणि मांड्यांना पट्टा आवळला. पायात घालायला रबरी तळाचे घट्ट बूट काढले. पुंडलिकरावांनी बुटांकडे पाहिलं, मग शेंदराच्या दगडाकडे पाहिलं आणि आपली चप्पलही काढून बाजूला ठेवली. म्हैसगोट्यावर पायताण घालून चढायचं त्यांच्या मनाला पटेना. दोन्ही हातांनी खडकाला शिवून हात कपाळाला लावला. पोरांपैकी एकजण हसला, पण सर म्हणाले, “असू दे, अनवानी बी चढता येते.”

तशी सगळी रचना साधी होती. खडकाच्या माथ्यावर पक्क्या बसवलेल्या कड्यांतून दोर फिरवून दोन्ही बाजू खाली सोडलेल्या. एक टोक चढणाऱ्याच्या पट्ट्याला. दुसरी बाजू खाली उभ्या माणसाच्या हाती, त्याच्या कमरेच्या एका छोट्या पकडीतून गेलेली. चढणारा वर जाईल तसा ढिला दोर ओढून घ्यायचा, तो घसरला की आवळून धरायचा, आणि शेवटी हळूहळू त्याला खाली उतरवायचं.

साधी रचना, पण माणूस साधा नव्हता. पुंडलिकरावांनी खडकाला जी मिठी मारली, ती बेबीबाईंच्या नशिबी लग्नाच्या वर्षीही आली नसेल. छाती दगडाला, गाल दगडाला, आणि सगळा भार हातांवर. पुरुषभर उंचीवर दंड भरून आले. पाय असे थरथरू लागले की खाली उभ्या पोरांना दिसावेत.

“बाबा, हातानं ओढू नोका!” खालून गुड्डी ओरडली. “पायावर उभे राहा!”

“पाय आहेत का माहे? मले तं कुठी दिसत नाई!”

“बांधीच्या धुऱ्यावर उभे राहता ना, तसे!”

ते मात्र त्यांना कळलं. धानाच्या दोन बांध्यांमधल्या चिखलाच्या अरुंद धुऱ्यावरून डोक्यावर भारा घेऊन ते जन्मभर चालले होते. त्यांनी खडकापासून छाती थोडी दूर केली, अंगठ्याने एक बोटभर कंगोरा शोधला आणि त्यावर उभे राहिले. मग दुसरा. मग तिसरा. तिसरा दगडाचा नव्हताच, वाळलेल्या शेवाळाचा होता, आणि पुंडलिकराव सुटले.

एक हातभर पडले असतील. तेवढ्यात पट्टा मांड्यांत रुतला, दोर ताठ झाला आणि ते हवेत अलगद झुलायला लागले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गळ्यात दोर घातला होता. आपण स्वतः दोराच्या टोकाला असण्याची ही पहिली वेळ. खाली कुणीतरी आपल्याला धरून आहे, हे त्यांना कमरेत समजलं. भीती तर वाटलीच, पण बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचा त्यांना फार अचंबा वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यांना खाटेवरून उठवेना. बेबीबाईंनी जवसाचं तेल कोमट करून दंडाला चोळलं आणि तोंडाने जे चोळायचं तेही चोळलं. टेकचंद मुद्दाम चौकशीला आला. “पुंडलिकभाऊ, म्हशीवर चढाचं वय निघून गेलं ना जी आता,” म्हणाला. पण पुढच्या खेपेला पुंडलिकराव पुन्हा गेले. डिसेंबर अर्धा सरेपर्यंत ते खडकाच्या मध्यापर्यंत चढू लागले, आणि सरांच्या नजरेखाली दोर धरण्यात तर पोरांपेक्षा सरस झाले. हाताला दोराचं वळण कळायचं. चढणारा घाबरला की दोर आधी सांगायचा. पोरं ‘मी काकाच्या दोरावर’ म्हणून भांडायला लागली.

खोट होती ती गाठीत. पट्ट्याला दोर बांधायची गाठ आठच्या आकड्यासारखी असते. आधी दोराचा आठ पाडायचा, टोक पट्ट्यातून काढायचं, आणि मग त्याच आठच्या वाटेने उलटं परत न्यायचं. ही गाठ ओढल्याने उघडत नाही, पडलेल्या माणसाच्या भाराने आणखी घट्ट बसते. सुरुवातीला सर ती स्वतः बांधून देत. मग पुंडलिकराव शिकले, पण बांधताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. आणि पडून घट्ट झालेली गाठ सोडायची वेळ आली की ते हात मागे घेत. “हे तूच सोड वं,” म्हणून गुड्डीसमोर उभे राहत आणि दुसरीकडे पाहत. बोटं जाड आहेत बापाची, असं गुड्डीला वाटायचं.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सरांनी परीक्षा ठेवली. आपल्या हाताने गाठ बांधून माथ्यापर्यंत चढायचं आणि मग गुड्डीचा दोर धरायचा. तेवढं झालं की सामान गावात राहणार होतं आणि शिबिराआधीचा सगळा जानेवारी गुड्डीला मिळणार होता. तिला तो हवाच होता. खडकाच्या मधोमध एक फुगवटा आहे, म्हशीचं पोट. तिथे पाठ जमिनीकडे करून लटकत चढावं लागतं, आणि तिथून गुड्डी दर वेळी पडत होती. शिबिरात तशाच जागेवर पाहणार होते.

तमाशा पाहायला टेकचंद आला होता. पुंडलिकराव दोर हाती घेऊन उभे, आणि हा बोलतो आहे: तुझा लखन्या बैल उजव्या पायाने लंगडतो आहे का, मला सकाळी तसं वाटलं. पुंडलिकराव म्हणाले, नाही जी, खूर वाढला आहे. बोलता बोलता हात आपलं काम करत होते. दोर पट्ट्यातून गेला, वळला, आवळला. पुंडलिकरावांनी खडकाला नमस्कार केला आणि एक पाय वर ठेवला.

“थांबा बाबा, गाठ,” गुड्डी म्हणाली. चढणाऱ्याची गाठ दोर धरणाऱ्याने पाहायची आणि दोर धरणाऱ्याची पकड चढणाऱ्याने, हा त्यांचा रिवाजच होता. ती वाकली. गाठीचं मोकळं टोक लोंबत होतं. तिने ते धरून जरासं ओढलं.

सगळा दोर सुटून पुंडलिकरावांच्या पायाशी पडला.

कुणी हसलं नाही. टेकचंदसुद्धा नाही. कुलदीप सरांनी तो दोर उचलून गोळा केला आणि मग पुंडलिकरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

“काका, मी रागावलो नाई. पन आज या हाती दोर देता येत नाई. पंधरा दिवसानं पुन्हा पाहू. तेव्हा बी असंच झालं तं गुड्डीचा अर्ज यंदा राहू देऊ.”

बापलेक घरी आले. दिवस कलता होता. पुंडलिकराव गोठ्यात गेले, धानाची वाळकी तणस टाकली, आणि जनावरं बांधायला घेतली. गुड्डी मागोमाग आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. रडून तिचे डोळे लाल झाले होते.

“बाबा, एक सांगा. काहून असं होते? तुमाले गाठ येते. शंभरदा बांधली तुमी. मंग काहून?”

पुंडलिकराव लखन्याचा दोर खांबाला गुंडाळत होते. त्यांनी गाठ पुरी केली, टोक मोकळं ठेवलं, आणि तिथेच तणशीच्या पेंढीवर बसले.

“तुले चांदी आठवते का?”

“गाय? मी पाच वर्साची होती. तिले बजारात इकलं ना?”

“इकली नाई,” पुंडलिकराव म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. चांदी हुशार होती. दातांनी सुरगाठीचं टोक ओढायची आणि सुटायची. तीनदा टेकचंदच्या लाखोरीच्या उभ्या पिकात शिरली, तीनदा भांडण झालं. तेव्हा पुंडलिकरावांनी तिला निरगाठ मारली, दोनदा फिरवून, पाणी लावून, आवळून. दोन दिवसांनी, भर दुपारी, वाऱ्यावर कुठून तरी ठिणगी आली आणि तणशीने पेट घेतला. बाकीची जनावरं एका झटक्यात सुटली. चांदी ओढ घेत होती आणि ती ओढेल तशी गाठ आवळत होती. विळा घरात होता. त्यांनी नखांनी काढायला पाहिलं, दातांनी पाहिलं. छताचा वासा खाली आला तेव्हा बेबीबाईंनी त्यांना मागून ओढून बाहेर काढलं. सगळ्यात आधी पाण्याची घागर घेऊन धावला तो टेकचंद.

पुंडलिकरावांनी उजवा अंगठा पुढे केला. त्याचं नख वाकडं, काळपट होतं. गुड्डीने ते जन्मभर पाहिलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं.

“थो दिवस आन आजचा दिवस. हात आयकतच नाई माहे. टेकचंद थे मांडवातल्या शेरीची गोष्ट सांगते ना, बरं वाटते मले. लोक हसतेत, आन कोनी इचारत नाई.”

गुड्डी त्यांच्याजवळ येऊन बसली. बराच वेळ तिने तो अंगठा आपल्या हातात धरून ठेवला.

“बाबा, त्या दोन दिवसात थे गाठ आनखी कोनी पाह्यली होती का?”

“माही गाठ कोन पाह्यते? गावाच्या गाठी मी पाह्यतो.”

“आमच्यात तं दोघं पाह्यतेत,” गुड्डी म्हणाली. “सराची गाठ बी मी पाह्यतो.”

 दुसऱ्या दिवसापासून पुंडलिकरावांनी जिथे तिथे आठ पाडायला सुरुवात केली. खाटेच्या पायाला आठ, माठाच्या तिवईला आठ, पानठेल्याच्या बाकड्याला आठ. टेकचंद बाकड्यावरून उठला तर त्याच्या धोतराचा सोगाही बाकड्याला बांधलेला. हात हळूहळू वळणावर येत होते. दहाव्या दिवशी संध्याकाळी बेबीबाई गोठ्यात दूध काढायला गेल्या आणि तिथून त्यांची हाक आली.

“अवो! हे काय करून ठेवलं?”

लखन्या खांबाला बांधलेला होता, आणि दोराला आठची गाठ होती. सुरेख, घट्ट, जशी सरांनी शिकवली होती अगदी तशी.

पुंडलिकराव जे मटकन खाली बसले ते उठेनात.  गाठ बेबीबाईंनीच सोडली. “नाई करत मी हे,” ते पुटपुटले. “पोरीले सांग, नाई जमत मले. तिकडं पोरीले धरावं तं इकडं जनावर मरावं.”

बेबीबाई गुडघ्यांवर हात ठेवून त्यांच्यासमोर वाकल्या. बारा वर्षांत त्या दोघांनी या विषयावर एक शब्द काढला नव्हता.

“अवो आयका. थ्या दिसी मी बी घरातच होती. रोज दूध काढाले इथंच येत होती. गाठ मले बी दिसली होती. मी म्हनलं, बांधली असन इचार करून. माहं बी चुकलं ना मंग? एकट्यानं कायले घेऊन बसले इतके वर्स?” त्यांनी पदराने नाक पुसलं. “आजपासून संध्याकाळी गोठ्यातल्या गाठी मी पाह्यतो. तुमी तिकडं पोरीच्या पाहा.”

त्या संध्याकाळी दुखऱ्या गुडघ्यांनी त्या एकेका जनावरापाशी गेल्या, टोक धरून झटका दिला, दोर सुटलेला पाहिला आणि पुंडलिकरावांकडून पुन्हा बांधून घेतला. चार जनावरं, चार झटके. तेव्हापासून तो रोजचा नेम झाला आहे.

जानेवारीतल्या त्या रविवारी धुकं उशिरापर्यंत होतं आणि खडक गार होता. पुंडलिकरावांनी टेकचंदला तोंड बंद ठेवायला सांगितलं, आणि त्याने ते खरोखर ठेवलं. त्यांनी आठ पाडला, टोक पट्ट्यातून काढलं, त्याच वाटेने परत आणलं, आणि हात बाजूला करून गुड्डीसमोर उभे राहिले. शाळकरी पोर पाटी दाखवायला उभं राहतं तसे. गुड्डीने टोक ओढलं, जोर लावून ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं. गाठ हलली नाही.

“बराबर आहे, बाबा.”

मग ते चढले. सुंदर चढले असं नाही. सोपी वाट होती, दोनदा दमले, एकदा घसरले, मध्ये एका खोबणीत उभं राहून बराच वेळ सरांशी हुज्जत घातली. पण माथ्यावर पोहोचले. वरून त्यांना बांध्या दिसल्या, लाखोरीचा हिरवा पट्टा दिसला, घर दिसलं, आणि घराच्या मागे गोठ्याचं पत्र्याचं छप्पर. एवढं लहान दिसत होतं ते. सगळं त्या एवढ्याशा जागेत घडलं होतं, हे पाहून त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते वाऱ्यावर ढकललं.

खाली आल्यावर गुड्डीची पाळी. तिने गाठ बांधली, त्यांनी पाहिली. त्यांनी पकड लावली, तिने पाहिली. ती झपझप वर गेली. म्हशीच्या पोटाखाली थांबली, हाताला घाम टिपणारी पांढरी भुकटी लावली, आणि फुगवट्यावर लटकली. पुंडलिकरावांच्या हातात दोर होता आणि त्यांना तिचा श्वासही कळत होता. एक हात पुढे. दुसरा हात पुढे. डाव्या पायाची टाच वर अडकवली. इथपर्यंत ती कधी गेली नव्हती. मग उजवा हात निसटला आणि ती पडली.

पुंडलिकराव दोन पावलं पुढे खेचले गेले आणि घट्ट उभे राहिले. दोर ताठ झाला. वर गुड्डी हवेत झुलत होती, आणि चक्क हसत होती.

“पाह्यलं का, सर? टाच अडकली!” ती ओरडली. आणि मग, “बाबा, उतरवा आता.”

पुंडलिकराव उतरवेनात.

“बाबा, उतरवा ना! पट्टा रुतून राहिला!”

त्यांना ऐकू येत होतं. मुठी उघडत नव्हत्या. बारा वर्षं या हातांना एकच गोष्ट हवी होती, त्या दुपारी ती गाठ उघडता आली असती तर. आज त्या हातांत जीव होता, जिवंत होता, वरून हाका मारत होता, आणि काही झालं तरी तो सोडायला ते तयार नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात रिकामा नव्हता. टेकचंद पुढे आला, त्याने आपल्या दुपट्ट्याने त्यांचं तोंड पुसलं आणि एक अक्षर न बोलता मागे गेला.

कुलदीप सर शेजारी येऊन उभे राहिले. “काका, मूठ पुरी नोका सोडू. धरूनच उतरवा. हळूहळू.”

तसं त्यांनी केलं. वीतभर दोर, मग आणखी वीतभर. गुड्डीचे पाय जमिनीला लागले, तरी त्यांनी दोर थोडा वेळ धरून ठेवला. “सामान आजपासून गावातच ठेवतो, काका,” सर म्हणाले.

पडल्यामुळे गाठ दगडासारखी बसली होती. गुड्डी सवयीने ती सोडायला वाकली.

“थांब,” पुंडलिकराव म्हणाले. “मले सोडू दे.”

ते गुडघे टेकून बसले. गाठ वाकड्या नखाच्या अंगठ्याखाली घेतली. आधी एका बाजूने दाबली, मग दुसऱ्या बाजूने, मग आठच्या वरच्या वळणाची पाठ मोडली, जशी सर मोडत. काही झालं नाही. त्यांचा श्वास चढला. गुड्डी हलली नाही, घाई केली नाही, नुसती उभी राहिली. त्यांनी पुन्हा दाबलं. घाई नव्हतीच कसली. सकाळ होती, ऊन वर येत होतं, जनावरं चरायला गेली होती. दोराचं एक वळण जरासं सैल झालं, मग दुसरं. त्यांनी टोक धरून ते आलेल्या वाटेने मागे, मागे काढत नेलं.

“निघाली,” पुंडलिकराव म्हणाले, आणि मोकळा दोर तिच्या हातात दिला.